डी-टाइप विकाऊ आहे, घेण्याआधी काय पाहावं?

जुन्या गाड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे थोरले मेहुणे इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात. जुन्या गाड्यांचा त्यांना भारी नाद. जग्वारची एक एक्सके १२० आणि एक ई-टाइप दारात आहेच. आता एका विक्रेत्याने त्यांना जग्वारच्याच डी-टाइप या शर्यतीच्या गाडीची, १९५५ सालच्या, माहितीपत्रिका पाठवली आहे. 'शर्यतीत धावलेली, संपूर्ण रिस्टोअर केलेली, मॅचिंग नंबर्स, एफआयएचे कागद तयार, मिले मिलियाला पात्र, किंमत चौकशीअंती' असं तिच्यावर छापलंय. फोटोत गाडी नुसती चकाकतेय. दोन मित्रांना भागीदारीत घेऊन ती घ्यायची, असं त्यांच्या मनात आहे. तुम्ही कॉव्हेंट्रीत अशाच गाड्यांवर काम केलंत, म्हणून विचारते. घ्यावी का? काय काय पाहायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, मेहुण्यांना सांगा, ते फोटो आधी बाजूला ठेवा. रंग काय, काही महिन्यांत चढवता येतो, आणि अॅल्युमिनियमवर उत्तम रंग देणारे हात मिडलंड्समध्ये आजही आहेत. डी-टाइपला जी किंमत येते तिच्यातला मोठा हिस्सा 'ही तीच गाडी' या पुराव्याचा असतो. तो पुरावा पत्र्यात, पंच केलेल्या आकड्यांत आणि कागदांत विखुरलेला असतो. आणि हे लिहिताना वाईट वाटतं, पण रिस्टोरेशनच्या नावाखाली तोच सगळ्यांत आधी पुसला जातो.

गाडीची रचना थोडी समजून घ्या, कारण सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. डी-टाइपचा आकार माल्कम सेयर यांचा. ते ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीतून जग्वारमध्ये आलेले, त्यामुळे गाडीही विमानाच्या पद्धतीने बांधली. ड्रायव्हर बसतो तो मधला भाग म्हणजे अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, रिव्हेट मारून घट्ट केलेला पोकळ सांगाडा. आम्ही त्याला टब म्हणायचो. टबच्या पुढे नळ्यांची चौकट, तिच्यात इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन. मागची शेपटी वेगळी, टबच्या मागच्या भिंतीला बोल्टने अडकवलेली. १९५४ च्या पहिल्या गाड्यांत पुढची चौकट टबला वेल्डिंग करून टाकली होती. शर्यतीत समोरून ठोकर बसली की दुरुस्तीला नाकी नऊ यायचे. म्हणून १९५५ पासून चौकट पोलादी नळ्यांची केली आणि बोल्टने जोडली. ठोकलेली चौकट सोडवायची, नवी बसवायची, पुढच्या रविवारी गाडी परत शर्यतीला. त्या काळी हे अगदी शहाणपणाचं होतं.

पण चासी नंबर पंच केलेला असायचा तो या पुढच्या चौकटीवर. आता बघा काय होतं. वाकडी चौकट गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहिली. साठच्या दशकात या गाड्यांना कुणी विचारत नव्हतं, शर्यतीच्या दृष्टीने त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. पुढे किमती चढल्या. मग कुणीतरी ती चौकट सरळ केली, तिच्यामागे नवा टब बांधला, जुनी शेपटी मिळवली, आणि मूळ नंबर सांगणारी गाडी तयार! तिकडे मूळ टबवाली गाडी दुसऱ्याच चौकटीवर त्याच नंबराने फिरतेय. दोघांच्याही फायलीत खरे कागद, दोघांच्याही अंगावर थोडा खरा पत्रा. एका नंबरावर दोन गाड्यांनी हक्क सांगितल्याची प्रकरणं डी-टाइपच्या बाबतीत खरोखर घडली आहेत. त्यामुळे पहिला प्रश्न विक्रेत्याला हाच विचारायचा : या नंबरावर दुसरं कुणी दावा करतंय का, आणि नसेल तर तसं लेखी द्याल का? उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो, हेही पाहून ठेवा.

आता आकडे कसे वाचायचे ते सांगतो. गाडी पाहायला जाताना चांगली टॉर्च न्या आणि उजेड समोरून न मारता बाजूने, पत्र्याला जवळजवळ टेकवून मारा. कारखान्यात हे आकडे एकेक पंच हातात धरून हातोडीने उठवलेले असतात. त्यामुळे एखादा आकडा खोल, एखादा उथळ, एखादा किंचित कललेला, ओळही पट्टीने आखल्यासारखी सरळ नसते. सगळे आकडे एकाच खोलीचे, एका रेषेत, कडा धारदार दिसल्या की माझी भुवई वर जायची. मग बोट फिरवा. आकड्यांच्या आजूबाजूला धातू हलकासा खोलगट लागला, तर तिथे ग्राइंडर फिरलाय, म्हणजे खाली कधीतरी दुसरं काही लिहिलेलं होतं. विक्रेता बोट लावू देत नसेल तर चहा घ्या आणि निघा.

इंजिनावरचा नंबर दोन ठिकाणी भेटतो, ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वरच्या बाजूला आणि हेडच्या पुढच्या अंगाला. तो 'ई'ने सुरू होतो आणि शेवटी आडवी रेघ देऊन ९ असतो. तो ९ म्हणजे कॉम्प्रेशन रेशो नवास एक. नेमका इथेच 'मॅचिंग नंबर्स', म्हणजे गाडीवरचे नंबर मूळ नोंदीशी जुळतात, हा शब्द तपासून घ्यायचा. मॅचिंग कशाशी? शर्यतीच्या गाडीचं इंजिन उडायचं, कारखान्यातून दुसरं यायचं. सत्तर वर्षांत एकच इंजिन टिकलं असेल तर ती गाडी फार धावलेली नसावी, किंवा मग दुसऱ्या ब्लॉकवर जुना नंबर कुणीतरी नंतर उठवला असावा. 'अमुक साली इंजिन फुटलं, तमुक नंबराचं बसवलं, हे पाहा बिल', असं सांगणारी फाइल मला केव्हाही जास्त भरवशाची वाटते.

कागदांचं बोलू. जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट ही संस्था गेडनला आहे. जुन्या नोंदवह्यांवरून ती दाखला देते : चासी, इंजिन, बॉडीचे मूळ नंबर, रंग, गाडी कधी बांधली, कुठल्या वितरकाकडे गेली. दाखला अस्सल असतो, पण तो सांगतो कारखान्यातून काय बाहेर पडलं ते. आज तुमच्यासमोर काय उभं आहे, याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेचा तांत्रिक पासपोर्टही तसाच. गाडी त्या काळच्या तांत्रिक नियमांत बसते, एवढंच तो म्हणतो. अस्सलपणाची हमी त्यात नसते, नव्याने बांधलेल्या गाडीलाही तो मिळू शकतो. मिले मिलिया ही इटलीतली जुनी शर्यत, आज तिच्या नावाने जुन्या गाड्यांची रॅली भरते. तिची पात्रता १९२७ ते १९५७ या काळात त्या शर्यतीत भाग घेतलेल्या मॉडेलांना असते आणि प्रवेश द्यायचा की नाही ते आयोजक ठरवतात. ब्रिटनमध्ये नंबरप्लेट एका गाडीवरून दुसरीवर हलवता येते, तेव्हा जुनी प्लेट पाहून हरखून जाऊ नये. माहितीपत्रिकेवरच्या सगळ्या गोष्टी खऱ्या असूनही गाडी तीच आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

मग सिद्ध कशाने होतं? मालकांच्या न तुटलेल्या साखळीने. १९५५ पासून आजपर्यंत कुणाकडून कुणाकडे, कोणत्या साली, कोणत्या अवस्थेत. मध्ये आठ-दहा वर्षांची पोकळी असेल तर त्या पोकळीतच काय ते घडलेलं असतं. आणि जुने फोटो. या गाड्या हाताने बांधलेल्या आहेत, दोन टबांवरच्या रिव्हेटांच्या ओळी हुबेहूब सारख्या नसतात. त्या वर्षांतल्या शर्यतीचा एखादा स्वच्छ फोटो मोठा करून आजच्या गाडीशी रिव्हेट-रिव्हेट ताडून पाहता येतो. वर्कशॉपच्या टेबलावर आम्ही कितीदा तेच करत बसायचो, आणि ओळ जुळली की सगळ्यांचे चेहरे उजळायचे.

रिस्टोरेशनच्या वेळचे फोटोही मागा, आणि गाडी पूर्ण उघडी, रंग उतरवलेली असतानाचेच मागा. तयार गाडीचे फोटो काही सांगत नाहीत. त्याचबरोबर काढून टाकलेले भाग. हा मुद्दा फार लोक विसरतात. कुजलेला पत्रा, तडकलेली भिंत, वाकलेल्या नळ्या हे सगळं पेटीत घालून गाडीबरोबर आलं पाहिजे. एक तर त्यावरून किती जुनं गेलं आणि किती राहिलं ते कळतं. दुसरं म्हणजे तो ढीग दुसऱ्या कुणाच्या हाती लागला तर त्याच्याभोवती उद्या दुसरी गाडी उभी राहू शकते आणि तुमच्या मेहुण्यांच्या गाडीला जुळी बहीण निघते.

यांत्रिक तपासणी स्वतंत्र माणसाकडून करून घ्या, विक्रेत्याने सुचवलेला नको. टबच्या मागच्या भिंतीवर मागच्या सस्पेन्शनचा सगळा भार येतो. तिथे रिव्हेटांच्या भोकांपासून निघालेल्या बारीक चिरा शोधायच्या. रंगीत द्रव लावून तडा दाखवणारी चाचणी स्वस्त आहे, ती कराच. खरेदीच्या करारात 'अखंड इतिहास असलेली, चासी नंबर अमुक' हे वर्णन अट म्हणून लिहून घ्या. माहितीपत्रिकेच्या तळाशी 'माहिती सद्भावनेने दिली आहे' असं बारीक अक्षरात असतं, तेवढ्यावर कोट्यवधींचा व्यवहार करू नये.

आणि घ्यावी का? साखळी पुरी असेल, दुसरा दावेदार नसेल आणि जुन्या पत्र्याची पेटी बरोबर येत असेल तर जरूर घ्यावी. मग एखाद्या पॅनलवर जुना हातोडीचा ठसा राहिला असला तरी चालेल. तो ठसा तसाच ठेवणारा रिस्टोअरर भेटला, तर मेहुण्यांनी त्याचा पत्ता जपून ठेवावा.

प्रश्न : वकिलीत उभा जन्म गेला, म्हणून कुतूहल. इंजिन बदललं, चौकट बदलली, पत्राही नवा. मग उरलं काय? अशा गाडीला 'तीच गाडी' म्हणायला कायद्याचा आधार आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आहे, आणि लंडनच्या उच्च न्यायालयाने तो १९९० साली दिला. गाडी जग्वार नव्हती, बेंटले होती. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी स्पीड सिक्स. फ्रान्समधली १९२९ ची ल मान्स शर्यत वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी तिच्यातून जिंकली, १९३० ची बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी. एकाच गाडीने लागोपाठ दोन वर्षं चोवीस तासांची शर्यत मारली! पुढे तिच्यात आठ लिटरचं इंजिन आलं. १९३२ मध्ये इंग्लंडच्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर पाचशे मैलांच्या शर्यतीत ती उंच बांधाच्या कडेवरून पलीकडे गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी जागीच गेले. गाडी मोडली. बार्नाटोंनी ती पुन्हा बांधवून घेतली, आणि आता तिच्यावर बंद कूपे बॉडी चढवली.

१९९० मध्ये तिचे मालक एड हबर्ड यांनी मिडलब्रिज सिमिटर या कंपनीशी तिचा सौदा केला. किंमत एक कोटी पौंड. कंपनीने मग हात वर केले : ही ती गाडीच नव्हे. प्रकरण न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे गेलं. तज्ज्ञाच्या साक्षीत असं आलं की १९३० च्या गाडीतले पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंग कॉलम एवढेच भाग खात्रीने सांगता येतात. तुम्ही वकील, तुम्हीच सांगा, इथे कुणाची बाजू वरचढ वाटते?

न्यायमूर्तींनी शब्दांची फोड केली. कारखान्यातून निघाली तशी 'मूळ' गाडी ही नव्हे, हे त्यांनी मान्य केलं. पण ती अस्सल ओल्ड नंबर वन आहे, असा निर्णय दिला. कारण, भाग बदलत गेले ते हळूहळू, गाडी शर्यतीत धावत असताना, आणि प्रत्येक नवा भाग आधीच्या गाडीत सामावला गेला. १९२९ पासून आजवर तिच्या इतिहासात कुठे खंड पडलेला नाही, आणि त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही. कंपनीला सौदा पाळायला सांगितलं गेलं.

मला हा निकाल मनापासून पटतो. शर्यतीची गाडी भाग बदलत जगते. रविवारी मोडायची, सोमवारी दुरुस्त करायची, हेच तिचं काम. पण निकालाचा आधार घेऊन आज काही लोक भलतंच करतात. एक गंजलेली नंबराची पट्टी आणि चौकटीचा एक तुकडा मिळवायचा, बाकी सगळं नवं बांधायचं आणि 'न्यायालयानेच म्हटलंय' म्हणून सांगायचं. नाही हो! तिथे मध्ये पन्नास वर्षं गाडीच नव्हती. खंड पडला. ऑटन साहेबांनी ज्या अखंडतेवर बोट ठेवलं तीच या गाड्यांत नाही, आणि दुसरा दावेदार निघाला तर निकालातला दुसरा आधारही जातो. सातारकर, मेहुण्यांच्या कराराचा मसुदा कुणी तुमच्याकडे आणला तर 'अखंड' हा शब्द त्यात घालूनच परत द्या.

प्रश्न : छप्पर नाही, डिकी नाही, एसी नाही. अशा गाडीला कोट्यवधी का द्यायचे? रोल्स-रॉइस बरी नाही का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : १९५६ ची ल मान्स शर्यत एडिनबरोच्या इकुरी इकॉस संघाने जिंकली, गाडी डी-टाइप, चासी नंबर एक्सकेडी ५०१, चालक रॉन फ्लॉकहार्ट आणि निनियन सँडरसन. एका लहानशा खासगी संघाने मोठ्या कारखान्यांच्या संघांना मागे टाकलं. तीच गाडी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात माँटरेच्या लिलावात २ कोटी १७ लाख ८० हजार डॉलरना गेली. त्याच साच्यातली, पण एवढं काही न केलेली डी-टाइप याच्या एका अंशात मिळते. फरक कशाचा, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

यंत्र म्हणूनही ती थोर आहे. ३.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन कॅमशाफ्ट, तीन वेबर कार्ब्युरेटर, अडीचशेच्या आसपास अश्वशक्ती. बॉनेट बुटकं राहावं म्हणून इंजिन थोडं कलतं बसवलेलं आणि तेलाची टाकी वेगळी. चारी चाकांना डिस्क ब्रेक, तेव्हा ही नवलाई होती. ड्रायव्हरच्या डोक्यामागचा उंच, उभा पर (फिन) लांब सरळ रस्त्यावर गाडी स्थिर राहावी म्हणून. १९५७ च्या ल मान्समध्ये पहिल्या चार जागा डी-टाइपने घेतल्या, आणि सहावीही.

मात्र एक गोष्ट तुला माहीत असावी. १९५५ चा तिचा विजय ज्या शर्यतीतला, त्याच शर्यतीत मर्सिडीजची एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या सालची गाडी विकताना माहितीपत्रकात फक्त 'विजयी वर्ष' लिहितात, ते मला आवडत नाही. त्या दिवसाचा तो भागही इतिहासातच धरायला हवा.

प्रश्न : जग्वारने स्वतःच नव्या डी-टाइप बांधल्या म्हणे. कंपनीचीच असेल तर ती अस्सल का म्हणू नये? आणि 'लिंक्स डी-टाइप' म्हणजे काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : बांधल्या, खरं आहे. पन्नासच्या दशकात शंभर डी-टाइप करायचं ठरलं होतं, पूर्ण झाल्या पंच्याहत्तरच्या आसपास. उरलेल्या पंचवीस बांधतोय, असं कंपनीने २०१८ मध्ये जाहीर केलं आणि वॉरिकशायरमध्ये राइटनच्या वर्कशॉपात काम सुरू केलं. त्याआधी एक्सकेएसएसचं तसंच केलं. ती डी-टाइपचीच रस्त्यावर चालवायची आवृत्ती. १२ फेब्रुवारी १९५७ ला ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली, त्यात नऊ गाड्या गेल्या, ग्राहकांकडे पोचल्या फक्त सोळा. त्या नऊ कंपनीने साठ वर्षांनी भरून काढल्या.

काम अप्रतिम आहे, रिव्हेट कुठे किती अंतरावर याचासुद्धा अभ्यास करून केलेलं. ज्याला डी-टाइप चालवायची आहे त्याने ती घ्यावी. पण ती एकविसाव्या शतकात जन्मली आणि तसंच सांगून विकली जाते, म्हणून तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. लिंक्स ही ससेक्समधली वर्कशॉप. सत्तरच्या दशकापासून त्यांनी ई-टाइपचे यांत्रिक भाग वापरून डी-टाइपच्या प्रतिकृती केल्या. त्याही नावानिशी, प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात आणि चांगली किंमत मिळवतात. माझं भांडण आहे ते प्रतिकृतीच्या अंगावर जुना नंबर चढवणाऱ्याशी.

प्रश्न : समजा अशी गाडी भारतात आणली, तर मुंबई-गोवा रस्त्यावर चालवता येईल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : रोजच्या वापराला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेली नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. गाडी प्रदर्शनाला, व्हिंटेज रॅलीला, तांत्रिक संशोधनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते, नेहमीच्या फिरण्यासाठी किंवा धंद्यासाठी नाही. गाडी मूळ रूपात राखलेली हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत, अशीही अट आहे. शर्यतीच्या गाडीच्या बाबतीत या अटीवर आरटीओत काय चर्चा होईल, ते वरची पहिली दोन उत्तरं वाचून तुम्हीच ताडा. आयातशुल्काचा हिशेब कस्टम्सच्या जाणकाराकडून लेखी घ्या आणि मगच पुढचं पाऊल टाका.

माझं मत विचाराल तर ती तिकडेच राहू दे. गुडवूडला, ल मान्स क्लासिकला जुन्या गाड्यांच्या मेळ्यांत तिच्या बरोबरीच्या गाड्या भेटतात, सुटे भाग आणि तिला ओळखणारे हात दोन तासांच्या अंतरावर असतात. महाड-चिपळूणच्या कोंडीत पहिल्या गिअरवर ती तापेल, प्लग काळे होतील आणि तुमचा जीव वर-खाली होईल. मन भरून गाडी पाहायची तर विमानाचं तिकीट काढा. ते स्वस्त पडेल आणि गाडी पळताना दिसेल.

प्रश्न : मी बावीस वर्षांचा, आयटीआय झालोय, उद्यमनगरात अॅल्युमिनियमच्या कामावर आहे. तुमच्यासारखं जुन्या गाड्यांचं काम करायचंय. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मीही त्याच उद्यमनगरातून निघालो, म्हणून तुझं पत्र दोनदा वाचलं. कोल्हापूरचा हात पॅटर्न (ओतकामाचे नमुने) आणि कास्टिंगमध्ये आधीच तयार असतो, आणि या धंद्यात त्याला मोठा मान आहे. जुन्या इंजिनांचे ब्लॉक आणि हेड आज नव्याने ओतावे लागतात, तिथे पॅटर्नमेकरच लागतो. तेव्हा फाउंड्रीतल्या जाणत्या मिस्त्रींची पाठ सोडू नकोस.

पत्र्याच्या कामासाठी तीन गोष्टी शिक. अॅल्युमिनियमचं गॅस वेल्डिंग, विजेवरचं टिग नव्हे. टिग सोपं, पण जोड कडक होतो आणि नंतर ठोकताना तडकतो. गॅसचा जोड मऊ राहतो, हातोडीखाली पसरतो, आणि जुन्या गाड्यांवर तोच होता. दुसरं, वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने पत्रा खोलगट करणं आणि मग इंग्लिश व्हील या दोन चाकांच्या यंत्रावर त्याला गुळगुळीत आकार देणं. व्हील विकत नको घेऊस, चांगला फॅब्रिकेटर करून देईल, फक्त खालची गोल रुळं नीट कडक करून घे. तिसरं, लांबी (खड्डे बुजवायची पुटी) न भरता काम पुरं करायची सवय. आपल्याकडे डेंटिंगवाले पोकळी दिसली की लांबी थापतात. रेसिंग कारच्या पातळ पत्र्यावर ती हादऱ्यांनी सुटते, आणि तपासणीत चुंबकाऐवजी जाडी मोजणारं यंत्र लावलं की लगेच उघडी पडते.

इंग्लंडमध्ये बिस्टरला जुन्या हवाई तळावर आता अशा वर्कशॉप एकवटल्या आहेत, पण तिकडचं नंतर पाहू. आधी अठरा गेजचा मऊ अॅल्युमिनियमचा पत्रा घे आणि डी-टाइपच्या डोक्यामागच्या उंचवट्यासारखा एक आकार दोन तुकड्यांत करून गॅसने जोड. रंग लावू नकोस, पॉलिशही नको. झाला की संपादकांकडे फोटो पाठव, आतल्या बाजूचा आणि उजेड बाजूने मारून काढलेला. जोड पाहून पुढचं लिहितो.